ओरडलं कुणीच नाही

समजा, तुमच्या हातात एक निळी केबल आहे. तिचं एक टोक भिंतीत आणि दुसरं टोक टेबलाखालच्या एका धुळकट, करड्या कॉम्प्युटरमध्ये गेलंय. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. तो कुणी आणला, कधी आणला, तो करतो काय, हे इमारतीतल्या एकालाही सांगता येत नाही. पण तो चालू आहे. कान लावला तर आतल्या पंख्याची घरघर ऐकू येते, आणि मागे एक हिरवा दिवा थांबून थांबून लुकलुकतो. म्हणजे तो कुणाशी तरी बोलतोय. तुमचं काम एवढंच की केबल ओढायची आणि वाट बघायची. कुणी ओरडत आलं, तर कॉम्प्युटर त्याचा. कुणीच ओरडलं नाही, तर तो कुणाचाच नाही, खुशाल भंगारात टाका.

त्यात आता एवढंच धरा की ही इमारत म्हणजे औषधांचं गोदाम आहे आणि इथून रोज त्रेचाळीस दुकानांना खोकी जातात.

ओढाल केबल?

यादीताईनं ओढली. सोमवारी दुपारी तीन वाजता, टेबलाखाली गुडघ्यांवर बसून. केबलच्या टोकाची चिमटी दाबताना तिचा अंगठा दोनदा घसरला. टक्क असा बारीक आवाज झाला आणि हिरवा दिवा विझला. ती तशीच खाली बसून राहिली, कान टवकारून. वर कुणाचा तरी फोन वाजला आणि तिनं केबल पुन्हा हातात घेतली. फोन चहावाल्याचा होता.

यादीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. छत्तिसाव्या वर्षी तिनं कॉलेजात नाव घातलं, आणि त्यातूनच पुढे गोदामानं तिचं हे बारसं केलं. शनिवार-रविवार वर्ग, विषय धंद्यातल्या संगणक तंत्रज्ञानाचं व्यवस्थापन. म्हणजे कॉम्प्युटर बनवायचे नाहीत की दुरुस्त करायचे नाहीत. कुठल्या कंपनीत कुठलं यंत्र कशासाठी आहे, ते बंद पडलं तर काय अडेल, ते कुणी सांभाळायचं, हे ठरवायला शिकायचं. नऊ वर्षं ती गोदामात माल पाठवण्याच्या नोंदी करत होती. रोज शेकडो नोंदी, डोळे मिटूनही बोटं चालायची. पदवी मिळाली तर मुख्य कार्यालयात जागा होती. नाही मिळाली तर पुढची नऊ वर्षं पुन्हा त्याच खुर्चीत.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तिनं आपलंच गोदाम घेतलं. पहिलं काम यादी. वही घेऊन ती महिनाभर टेबलांखाली वाकून फिरली. "ताई, माझाही नंबर लिहून घ्या, मीही जुनाच आहे," असं हिशेबनीस म्हणाला, आणि ती यादीताई झाली. अडतीस यंत्रं निघाली. सदतिसांना मालक सापडला. अडतिसावा हा.

"अशा वेळी ओरड-चाचणी करतात," असं कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं. आधी सगळ्यांना विचारायचं, मग लेखी परवानगी घ्यायची. वीज बंद करायची नाही, नुसती नेटवर्कची केबल काढायची आणि दोन आठवडे थांबायचं. "आणि केबल काढल्यावर तुम्ही लपून बसायचं नाही. ओरडणाऱ्याला तुम्ही सापडल्या पाहिजेत." वर्ग हसला होता. तीही हसली होती.

तिनं सगळं नियमानं केलं. टेबलाटेबलाशी जाऊन विचारलं. सगळ्यांनी खांदे उडवले. मॅनेजरसाहेबांनी परवानगीच्या कागदावर, फोनवर बोलता बोलता, न वाचता सही ठोकली. मग उरली ती आणि ती केबल.

पहिले दोन दिवस कुणी तिच्या टेबलाच्या रोखानं चालत आलं की ती आधीच उभी राहायची. प्रिंटरमध्ये कागद अडकला, तरी तिला वाटायचं, आपणच केलं. गोदामातून गेलेलं औषध कुणाच्या तरी उशाशी पोचतं, हे नऊ वर्षांत तिला कधी एवढं जाणवलं नव्हतं. त्या करड्या डब्यामुळे नको ते औषध नको त्या दुकानी गेलं तर? जायला हवं होतं ते गेलंच नाही तर?

"अगं, लिफ्टमध्ये आम्ही रोज हेच करतो," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "कुठली वायर कशाची कळत नसेल तर काढून बघतो."

"आणि?"

"आणि आत कुणी असेल तर ते ओरडतं."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. माझा इथे जीव टांगणीला लागलाय."

"लिफ्टमधल्या माणसाचाही तेव्हा टांगलेलाच असतो," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर खुश होत हात धुवायला गेला.

सासूबाई पलंगावर बसून सुईत दोरा ओवत होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग त्या पलंगाएवढं झालं होतं. शेजारपाजारच्यांची बटणं लावून देणं हा त्यांचा उद्योग. बटणं त्या इन्सुलिनच्या रिकाम्या खोक्यांत ठेवायच्या. एका खोक्यात पांढरी, एकात काळी, एकात कुणाचीच जोडी नसलेली. इन्सुलिन यायचं सुनेच्या गोदामातूनच.

"तुझ्या त्या मशीनला एक बटण लावून देऊ का?" त्यांनी विचारलं. "दाबलं की सांगेल, मी अमक्याचा म्हणून."

"द्या आई. तेवढंच राहिलंय."

"देते की. पण आधी बिस्किटं मोजून घे. नाहीतर माझ्यावर नाव यायचं."

ही टाचणी वर्षभर अधूनमधून टोचली जायची. गेल्या वर्षी सासूबाईंची साखर अचानक चढली होती. इंजेक्शन वेळेवर, जेवण मोजून, तरी महिनाभर आकडा खाली येईना. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, पायाची छोटी जखम चिघळली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोड खाता का हो चोरून?" त्या नाही म्हणाल्या. मग एक दिवस उशीच्या खोळीत बिस्किटाचा एक चुरगळलेला कागद सापडला. तो जुना आहे, असं त्या शपथेवर सांगत होत्या. नवरा आईवर पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. आणि यादीताईनं बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली आपल्या पर्समध्ये. सासूबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात साखर उतरली. कुलपाचा गुण आला, असं सगळ्यांनी म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं तिनंच.

आठवडा गेला. कुणी ओरडलं नाही. माल वेळेवर जात होता, बिलं निघत होती. तिची भीती मात्र जायच्या ऐवजी मुक्कामाला आल्यासारखी पसरत चालली होती. कुणी ओरडलं असतं तर धावत जाऊन केबल लावली असती, हात जोडून माफी मागितली असती, मोकळी झाली असती. या शांततेचं करायचं काय? येता-जाता ती टेबलाखाली वाकून बघायची. दिवा विझलेला, पंखा चालू. ते यंत्र तोंड दाबलेल्या माणसासारखं नुसतं घुरघुरत होतं.

नऊ दिवसांनी, बुधवारी सकाळी, ती फाटकाशी थांबली. फाटकावरचे पहारेकरी काका गोदामातले सगळ्यांत जुने. बावीस वर्षं त्याच खुर्चीत. खुर्ची दोनदा बदलली, काका नाही.

"काका, तुमच्याकडे कुणी काही बोललं का हो? काही बंद पडलंय, चालत नाहीये, असं?"

"नाही बुवा. कुणाची वाट बघताय?"

तिनं सगळं सांगितलं. काका आधी ऐकत राहिले, मग खो खो हसले.

"म्हणजे काढून ठेवायचं आणि कुणी बोंब मारतं का बघायचं! अहो ताई, हा प्रयोग साहेबांनी माझ्यावर केव्हाच केलाय."

"तुमच्यावर?"

"पुतणीच्या लग्नाला पंधरा दिवस रजा मागितली. म्हटलं, बदली माणूस ठेवा. साहेब म्हणाले, कशाला? मागच्या खेपेला तुम्ही नव्हतात तर एकाचीही तक्रार आली नाही." काकांनी डोळे पुसले. "आता तक्रार करणार कोण, सांगा? चोर? बोंब मारायचं काम माझं. मीच नसलो तर बोंब कोण मारणार?"

यादीताई हसायला गेली आणि हसू अर्ध्यावरच थिजलं. बॅगचा पट्टा तिनं घट्ट धरला.

"काका," ती म्हणाली, "आपल्या गोदामात बोंब मारायचं काम आणखी कुणाचं आहे?"

"म्हणजे कसं?"

"तो करडा डबा इथे कोण घेऊन आलं, आठवतं का तुम्हाला?"

"आठवायचं कशाला? लिहिलेलं असतं." त्यांनी खुर्चीमागच्या लोखंडी पेटीतून फाटकाच्या जुन्या वह्या काढल्या. आत येणारी प्रत्येक वस्तू आणि बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू, बावीस वर्षांची, टपोऱ्या अक्षरात. यादीताई महिनाभर यंत्रांखाली वाकली होती. ज्याच्याकडे खरी यादी होती त्या माणसासमोरून ती रोज दोनदा जात होती आणि त्यालाच तेवढं विचारायचं राहिलं होतं. काकांकडे टेबल नव्हतं ना.

सहा वर्षांपूर्वीच्या वहीत नोंद सापडली. 'थंड खोलीचा इंजिनियर. आत: एक कॉम्प्युटर, पातळ वायर एक गुंडाळी. बाहेर: फक्त पकड.'

"हां, हा तो," काका म्हणाले. "बडबड्या होता. पुढे त्याची कंपनीच बुडाली, परत आला नाही. त्या थंड खोलीबाहेरच्या विजेच्या पेटीच्या झाकणात आतून काहीतरी चिकटवून गेला होता. म्हणाला, काका, लागलं तर सांगा. मला कुणी विचारलंच नाही."

थंड खोलीत इन्सुलिन असतं, लशी असतात. दोन ते आठ अंशांत ठेवायचं, हे गोदामातल्या झाडूवाल्यालाही पाठ. यादीताई धावत सुटली. दारावरच्या काट्यानं चार दाखवले आणि तिचा जीव भांड्यात पडला. बाजूला तापमानाची नोंदवही लटकत होती. तिनं पानं उलटली. सकाळी चार, संध्याकाळी चार. काल चार, परवा चार, गेल्या महिन्यात चार, त्याच्या आधीच्या महिन्यात चार. खोली एवढ्या शहाण्यासारखी वागत नसते. लिहिणारा काट्याकडे न बघता लिहीत होता.

पेटीच्या झाकणात आतून, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली, पासवर्ड होता.

तिनं डब्याला स्क्रीन जोडली, कीबोर्ड जोडला. पासवर्ड दोनदा चुकला. मग एक साधी खिडकी उघडली. थंड खोली, चार पूर्णांक एक. पातळ वायर भिंतीआडून तिथवर गेली होती. सहा वर्षं दर मिनिटाला तो डबा खोलीचं तापमान मोजत होता, आणि ते हाताबाहेर गेलं की मेल पाठवून ओरडत होता. मेलचा पत्ता एकच, त्या इंजिनियरचा. तिनं त्याच पत्त्यावर आपल्या फोनवरून एक मेल टाकून पाहिली. अर्ध्या मिनिटात परत आली. असा पत्ता नाही.

तिच्या नऊ दिवसांत खोलीला काहीही झालं नव्हतं, सगळे आकडे तीन ते सहाच्या मध्ये. क्षणभर तिला भिंतीला टेकून रडावंसं वाटलं, सुटल्यासारखं. मग तिनं स्क्रीनवरची यादी मागे सरकवली.

कंपनी बुडाल्यापासून सतरा वेळा तो ओरडला होता. बहुतेक वेळा दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, माल चढवताना दार उघडं राहिलेलं. पण गेल्या वर्षीची एक ओळ तशी नव्हती. सुट्टीचा रविवार. उणे एक. उणे तीन. उणे चार. साडेपाच तास. मग खोली गार करणारं यंत्र अडकलं होतं तसं आपोआप सुटलं आणि खोली परत चारवर आली. सोमवारी सकाळी लोक आले, तेव्हा काट्यावर चार आणि वहीत चार.

इन्सुलिन थोडं गरम झालं तर निभावतं. गोठलं तर मेलं. आणि मेलेलं नेहमी ओळखू येतंच असं नाही. बर्फ वितळला की कुपी पुन्हा तशीच दिसू शकते.

त्या सोमवारी माल कुठे गेला, हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही. नोंदी तिनंच केल्या होत्या.

दुपारी ती कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी या वेळी मात्र नीट वाचलं. दोनदा. चष्मा काढला.

"आता खोली ठीक चालू आहे ना?"

"हो, पण साहेब..."

"मग वर्षापूर्वीचं मढं आत्ता कशाला उकरताय? कुणाची तक्रार आली का?"

"नाही आली."

"झालं तर."

"साहेब, तक्रार येणार कशी? ज्यानं ते टोचून घेतलं त्याला वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं." हे बोलताना तिचा आवाज मध्येच तुटला, का ते तिला लगेच कळलं नाही.

साहेबांनी प्रकल्पाची फाइल पुढ्यात ओढली. कॉलेजात द्यायच्या प्रतीवर त्यांची सही लागायची. "ताई, तुमची नऊ वर्षं झाली इथं. हुशार आहात. हे एक पान काढा, बाकी मी डोळे मिटून सही करतो."

डोळे मिटूनच करता, असं तिच्या ओठांवर आलं होतं. "विचार करते," एवढंच म्हणून ती बाहेर आली. खुर्चीत बसल्यावर तिला समोर मुख्य कार्यालयातली ती जागा दिसली, काचेची खोली, दारावर नाव; आणि ती कशी लांब लांब जाते आहे तेही दिसलं. मग तिनं औषधांचा दर्जा तपासणाऱ्या मुख्य कार्यालयातल्या विभागाला मेल लिहिली. त्या रविवारचे आकडे, खोलीत असलेल्या खोक्यांचे बॅच क्रमांक, त्रेचाळीस दुकानांची यादी. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. शेवटी ते बोटच आपोआप खाली गेलं, की तिनं दाबलं, हे नंतर तिलाही नक्की सांगता आलं नसतं. निघण्यापूर्वी तिनं टेबलाखाली वाकून केबल परत लावली आणि त्या प्रोग्रॅममध्ये इंजिनियरचा पत्ता पुसून आपला घातला. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आता तो ओरडला तर तिच्याच खिशात ओरडणार होता.

फाइल साहेबांच्या टेबलावर तशीच, बिनसहीची, राहिली.

घरी पोचली तेव्हा नवरा अजून आला नव्हता. सासूबाई खिडकीतल्या उजेडात कुणाच्या तरी शर्टाला बटण लावत होत्या. पायावरची जखम भरून वर्ष होत आलं, पण तिथली कातडी अजून काळी होती.

"आलीस? ओरडलं का कुणी?"

पलंगाच्या कडेला बसून तिनं बटणांची खोकी एकेक करून हातात घेतली. पांढऱ्यांचं खोकं दोन महिन्यांपूर्वीचं. काळ्यांचं त्याच्या आधीचं. तिसरं, जोडी नसलेल्या बटणांचं, कडा मऊ पडलेलं, गेल्या वर्षीचं होतं. तिनं ते उजेडात तिरकं धरलं. बॅच क्रमांक अर्धा पुसला होता, पण वाचता येत होता. खिशातला कागद काढायची गरज नव्हती. दिवसभरात तो क्रमांक तिला पाठ झाला होता.

त्या बॅचची सगळीच खोकी काही थंड खोलीतल्या गार हवेच्या पंख्याखाली नव्हती. आतल्या रांगेतली गोठली नसतीलही. हे खोकं पंख्याखालचं की आतलं, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं, काकांच्यासुद्धा. सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि त्याचं म्हणणं तेव्हा कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

"काय गं, अशी काय बघतेस? तापबीप आलाय का?" सासूबाईंनी सुई थांबवली.

वर्षभर जे उत्तर तिनं खोटं धरलं होतं, ते आज खरं निघू नये म्हणून तिचा जीव गोळा झाला. त्या हो म्हणाल्या, तर ती त्यांच्या पाया पडली असती, उद्या बिस्किटांचा अख्खा डबा आणून पुढ्यात ठेवला असता. नाही म्हणाल्या, तर मग ती त्रेचाळीस दुकानं होती, आणि त्यांच्यापलीकडे किती उशा, किती खोळी, किती कुलपं.

पर्समध्ये हात घालून तिनं कपाटाची किल्ली काढली आणि पलंगावर, बटणांच्या शेजारी ठेवली.

"आई, मी रागावणार नाही. तुमची शप्पथ. गेल्या वर्षी, त्या महिन्यात... एक तरी बिस्किट खाल्लं होतंत ना हो तुम्ही?"